वाशीतल्या आमच्या वसाहतीचा इतिहास कुठून लिहायला घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी मुंबईत वाशीच्या जुन्या सेक्टरमधली, सिडकोने (हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) बांधलेली तुमची वसाहत पुनर्विकासाला निघाली आहे. घरं रिकामी व्हायच्या आत वसाहतीचा इतिहास लिहून ठेवायचं ठरलंय आणि ते काम तुमच्याकडे आलंय. जुनी मंडळी एकच वाक्य सांगतात, ‘आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं, नुसती खाडी होती’. ते खरं मानायचं का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी नगररचनाकार आहे. तीस वर्षांहून जास्त काळ याच शहरात काम केलंय. सिडकोच्या इमारती, जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना परत मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, गावठाणांची मोजणी, सगळ्यांशी संबंध आला. त्या अनुभवावरून सांगतो, इतिहास त्या वाक्यापासूनच सुरू करा, पण ते तपासून घेऊन. वाक्य खोटं कुणी मुद्दाम बोलत नाही. दादर-परळच्या चाळीतून आलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता अंधार, कोल्हेकुई आणि चिखल दिसला. त्याला ‘काहीच नव्हतं’ असंच वाटणार. पण तुमच्या सेक्टरपासून पायी जाण्याच्या अंतरावर जुहूगाव होतं आणि आजही आहे. वाशीगाव होतं. बोनकोडे, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा ही गावं होती. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतल्या ९५ गावांच्या ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर हे शहर आखलं गेलं. त्यातली साधारण निम्मी जमीन खाजगी मालकीची होती. म्हणजे कुणीतरी ती कसत होतं.

कसत कसं होतं, यावर थोडा वेळ घालवा, कारण तुमच्या इमारतीच्या पायाशी त्याचा थेट संबंध आहे. खाडीकाठची ही शेतं खारपाटाची. आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून भरतीचं खारं पाणी अडवलं आणि आतली जमीन भाताखाली आणली. बांधात जागोजागी उघाडी असे. भरती आली की तिची झडप पाण्याच्या दाबाने बंद होई, ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी बाहेर जाई. बांध एकट्याच्याने टिकत नाही. खांड पडली की सगळ्या शेतांत खारं पाणी शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक जातं. म्हणून बांध दुरुस्तीला गाव एकत्र येई. शेताच्या पलीकडे मिठागरं, आणि त्यापलीकडे कोळ्यांची मासेमारी.

आता तुमच्या जवळचा धारण तलाव आठवा, ज्याला आपण सगळे होल्डिंग पॉन्ड म्हणतो. सिडकोने वाशी, कोपरखैरणे, सानपाडा, नेरूळ, बेलापूर अशा सखल भागांत असे तलाव ठेवले. भरतीच्या वेळी झडपा बंद, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटीला खाडीत जातं. याला डच पद्धत म्हणतात आणि ते चूक नाही. पण तत्त्व उघाडीचंच आहे. या काठावर राहायचं तर समुद्राची वेळ पाळावी लागते, हे गावाला ठाऊक होतं. शहराने तीच गोष्ट मोठ्या मापाने केली. आज हे तलाव गाळाने भरलेत, आत कांदळवन वाढलंय, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण असल्यामुळे गाळ काढायला परवानग्या लागतात. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आला की तुमच्या गल्लीत पाणी का थांबतं, याचं उत्तर इथे आहे. इतिहासाच्या पुस्तकात तलावाला एक पान द्याच.

एक प्रसंग सांगतो. एका सोसायटीच्या एकाच विंगला सारखी ओल. जोत्याला भेगा, तळमजल्यावर दर पावसाळ्यात पाणी. दोनदा वॉटरप्रूफिंग झालं, उपयोग शून्य. शेवटी मी भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशा काढला आणि सेक्टरच्या नकाशावर ठेवून पाहिला. खाडीचा एक छोटा फाटा नेमका त्या विंगेखालून गेला होता. भराव टाकून तो वरून मिटवला होता, पण पाण्याने आपली वाट सोडली नव्हती. गावातल्या एका आजोबांना नेऊन दाखवलं. त्यांनी नकाशा बघितलाच नाही. विंगेकडे बोट दाखवून म्हणाले, ‘इथे आमी निवट्या धरायचो.’ निवट्या म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे. तेव्हापासून कुठल्याही वसाहतीचं काम घेतलं की मी पहिल्यांदा गाव नकाशा मागवतो.

आता शहराच्या जन्माकडे. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ नियतकालिकात मांडलं की मुंबई दक्षिणोत्तर ताणत न्यायची सोडून पूर्वेला, खाडीपलीकडे न्यावी. शासनाने कल्पना उचलली. ३ फेब्रुवारी १९७० ला जमीन संपादनाची अधिसूचना निघाली आणि १७ मार्च १९७० ला सिडको कंपनी स्थापन झाली. हा क्रम लक्षात ठेवा. कंपनी जन्मायच्या आधी जमिनीवर अधिसूचना आली होती. विकास आराखड्याला मंजुरी मिळाली १९७९ साली, तोवर वाशीत माणसं राहायलाही आली होती.

शासनाने सिडकोला भागभांडवल दिलं ३.९५ कोटी रुपये. एवढ्या पैशात शहर होत नाही, हे उघड आहे. मग पैसा आला कुठून? जमिनीतून. शेतजमीन शेतीच्या भावाने संपादन करायची, रस्ते-गटारं-पाणी आणून तिचे भूखंड पाडायचे, ते चढ्या दराने विकायचे आणि त्या पैशातून पुढची जमीन विकसित करायची, गरिबांची घरं स्वस्तात द्यायची. मुंबईहून वाशी-बेलापूरला येणाऱ्या रेल्वेच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, तो याच हिशेबातून. तुमच्या घरातलं नळाचं पाणी, समोरचं उद्यान, शाळेचा भूखंड, स्टेशन, सगळं जमिनीच्या दोन किमतींमधल्या फरकातून उभं राहिलं. शहर वसवण्याची ही पद्धत हुशारीची होती, मी अजूनही तिचं कौतुक करतो. पण त्या फरकाची एक बाजू शेतकऱ्याच्या घरात होती, आणि ती पानं वसाहतींच्या इतिहासात जवळजवळ नेहमी कोरी असतात. ती तुम्ही कोरी ठेवू नका, एवढंच माझं मुख्य सांगणं.

ती पानं भरायची तर उरण तालुक्यातल्या जासई गावापर्यंत जावं लागेल. कवडीमोल भावाने जमिनी जाऊ लागल्या तेव्हा शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरवर्षी त्या तारखांना तिथे माणसं जमतात. या लढ्यातून पुढे आली साडेबारा टक्के योजना: संपादित जमिनीच्या १२.५ टक्के एवढी विकसित जमीन शेतकऱ्याला परत. निर्णय १९९० चा, प्रत्यक्ष वाटप सुरू झालं १९९४ पासून. त्यातूनही ३.७५ टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा होतात, हातात पडतात ८.७५. बऱ्याच शेतकऱ्यांनी हे भूखंड बिल्डरला दिले. कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, उलवे इथे ज्यांची घरं आहेत त्यांनी आपला दस्त काढून बघावा. त्रिपक्षीय करारनाम्यात सिडको, बिल्डर आणि मूळ शेतकरी, तिघांची नावं असतात. आपण ज्या खोलीत झोपतो तिच्या जमिनीवर भात कुणी लावलं ते नाव घरच्या कपाटातच असतं, पण बहुतेकांनी ते पान कधी उलटलेलं नसतं. तुमची वसाहत त्याआधीची आणि सिडकोनेच बांधलेली आहे, म्हणून तुमच्या भाडेपट्ट्यात असं नाव सापडणार नाही. तुम्हाला ते गाव नकाशावरचा सर्व्हे नंबर आणि जुना सातबारा यांतून शोधावं लागेल. शोधा. सापडतं.

वाशीत पहिली माणसं आली ती पुलामुळे. ठाण्याच्या खाडीवरचा पूल १९७३ ला खुला झाला. त्याआधी मुंबईहून यायचं तर ठाणे-कळवा करून ठाणे-बेलापूर रस्त्याने. त्या रस्त्यालगत कारखाने मात्र आधीपासून होते, त्यामुळे पहिल्या रहिवाशांत कारखान्यातले कामगार बरेच. पूल झाला तरी शहर भरेना. आराखड्याचा मोठा भरवसा राज्य शासनाची कार्यालयं बेलापूरला हलण्यावर होता. मंत्रालय काही आलं नाही, आणि तिकडे नरिमन पॉइंटला भराव टाकून टॉवर उभे राहतच होते. कोऱ्या रस्त्यांवर दिवे लागले, इमारती तयार झाल्या, पण नोकरी मुंबईतच राहिली. तुमच्या जुन्या रहिवाशांना ‘रोज कसं जायचात?’ एवढं विचारा आणि गप्प बसून ऐका. चेंबूर, कुर्ला, मानखुर्दपर्यंत बस, तिथून लोकल. शेवटची बस चुकली की काय, याच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत आणि त्या तुमच्या पुस्तकातली सगळ्यात जिवंत पानं होतील.

शहर भरलं ते घाऊक बाजारामुळे. मशीद बंदरचा कांदा-बटाटा १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तुर्भ्याच्या बाजारात आला, मग दाणा बाजार आणि मसाला, आणि १९९६ ला भाजी आणि फळं. मंत्री-सचिव आले नाहीत, पण पाठीवर पोती वाहणारा माणूस आला. माथाडी कामगार. सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतल्या डोंगराळ तालुक्यांतून मुंबईला आलेला, अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेमुळे आणि १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हक्काची मजुरी मिळू लागलेला. बाजार हलला तसा तोही खाडी ओलांडून आला. कोपरखैरणे, तुर्भे, घणसोली इथे माथाड्यांच्या वसाहती झाल्या. नवी मुंबई हे माथाड्यांचं शहर आहे असं मी ठामपणे म्हणतो. सुनियोजित शहराचं कौतुक छापताना हा माणूस फोटोत नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या वसाहतीत गावाकडच्या यात्रेला एकदम चार-पाच घरांना कुलूप लागत असेल, तर त्या घरांना भेटा. त्यांच्याकडे एका गावाने दुसऱ्या गावात कसं बस्तान बसवलं याचा सगळा तपशील आहे.

मग ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीला लोकल आली. पुढच्या वर्षी ती बेलापूरपर्यंत गेली, १९९८ ला पनवेलला. ठाणे-वाशी मार्ग २००४ ला सुरू झाला. रेल्वेने काय केलं ते जनगणनेत दिसतं: महापालिका क्षेत्रात २००१ ला ७ लाखांच्या वर माणसं, २०११ ला ११ लाख २० हजारांच्या वर. महापालिका १ जानेवारी १९९२ पासून कामाला लागली. म्हणजे रेल्वे आणि पालिका एकाच वर्षी. वीस वर्षं सिडकोकडे अर्ज करणारा रहिवासी त्या काळात नागरिक झाला आणि १९९५ ला पहिल्यांदा नगरसेवक निवडायला गेला. तुमच्या सोसायटीच्या इतिवृत्तात त्या सुमारास पत्रांचे मायने बदललेले दिसतील. मी अशी एक वही पाहिली आहे.

घरांबद्दल. सिडकोने घरं उत्पन्नगटाप्रमाणे बांधली आणि प्रत्येक प्रकाराला एक नाव दिलं. वाशी सेक्टर ९-१० मधल्या जेएन-१, जेएन-२ इमारती तर त्याच नावाने ओळखल्या जातात. पत्ता सांगतानाही लोक ‘जेएन-टू’ म्हणतात. तुमच्या प्रकाराचा मूळ नकाशा मिळवा आणि मग टेप घेऊन आजचं घर मोजा. फरक जिथे जिथे पडेल तिथे एका कुटुंबाची गोष्ट आहे. बाल्कनी आत घेतली ती मुलीच्या दहावीच्या वर्षी. तळमजल्यावर पुढे एक खोली निघाली ती गावाहून आई-वडील आले तेव्हा. कोपरखैरण्यात आणि नेरूळमध्ये बैठ्या घरांवर दोन-दोन, तीन-तीन मजले चढले, खाली दुकान, वर भाडेकरू. कागदावर याला वाढीव बांधकाम म्हणतात. गावठाणात हीच गोष्ट झाली तर तिला ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ असं नाव आहे. कुटुंब वाढलं, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही, आणि चारही बाजूंनी सेक्टर आले. दोन्हीकडे कारण एकच होतं, जागा कमी पडली. सेक्टरमधला माणूस गावाकडे बघून नाक मुरडतो तेव्हा मी त्याला त्याचीच बाल्कनी दाखवतो.

बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज जमलं तर रहिवाशांना घेऊन बघून या. कोरियांनी १९८० च्या दशकात अंगणाभोवती छोटी घरं मांडली आणि ती पुढे वाढवता येतील अशी मुद्दाम ठेवली. आज मूळ घरं कमी उरली आहेत, बरीच पाडून मोठी बांधली गेली. पण समाईक अंगणं अजून आहेत आणि मुलं तिथे खेळतात. घर बदलतं, मोकळी जागा राहिली तर वसाहत राहते, असं माझं मत तिथे बनलं. पुनर्विकासाच्या बैठकीत सगळे कार्पेट एरियावर बोलत असतात. तुम्ही मधल्या मैदानाचं माप विचारा.

कामाच्या कागदांबद्दल थोडं. अलॉटमेंट लेटर आणि भाडेपट्टा सगळ्यांकडे असतो, त्यात तारीख आणि किंमत मिळते. ट्रान्सफरच्या कागदांवरून कोण कधी गेलं, कोण आलं हे लागतं. पण खरा खजिना गणेशोत्सव मंडळाच्या स्मरणिका. सुरुवातीच्या वर्षांतली वर्गणीची यादी म्हणजे रहिवाशांची जवळपास पूर्ण नोंद असते, आणि मागच्या पानावरच्या जाहिराती म्हणजे त्या वेळच्या दुकानांची नोंद: पिठाची गिरणी, केरोसिन, शिकवणी, टायपिंग क्लास. कोणत्या वर्षी टायपिंगची जाहिरात गेली आणि कॉम्प्युटरची आली ते बघा. शाळेचं जनरल रजिस्टर मिळालं तर मुलांची जन्मगावं कळतात. ती एका नकाशावर मांडली की तुमची वसाहत कुठून कुठून आली ते दिसेल. वाशीच्या साहित्य मंदिरात जाऊन तिथल्या जुन्या मंडळींशीही बोला, वाशीच्या मराठी वस्तीला एकत्र आणण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे.

माणसांत फक्त सभासदांना धरू नका. तुमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या बाई जुहूगावच्या किंवा सारसोळ्याच्या असतील. त्यांच्या सासूने पहिल्या इमारती उठताना पाहिल्या आहेत. त्यांना प्रश्न ‘तुमच्या जमिनी गेल्या का?’ असा टाकू नका. उत्तर एका हुंकारात संपतं. विचारा, तुमचं शेत कुठल्या नावाचं होतं. प्रत्येक खाचराला नाव असे. नाव निघालं की जागा निघते, जागा निघाली की माणसं बोलतात. २०२१ च्या जूनमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चं नाव मिळावं म्हणून हजारोंनी मानवी साखळी धरली, त्यात हीच घरं होती. चाळीस वर्षांनंतरही ती जखम का ओली आहे, ते या बोलण्यातून कळेल.

आता घाईची गोष्ट. मोडकळीला आलेल्या सिडकोच्या इमारतींना २०१५ ला अडीच चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या अडीचपट बांधकामाची मुभा, मिळालं आणि तेव्हापासून जुने सेक्टर एकेक करून पत्र्याच्या कुंपणाआड जाऊ लागले. एकदा पत्रे लागले की आत जाता येत नाही, आणि पांगलेली माणसं भाड्याच्या घरांतून एकत्र यायला तीन-चार वर्षं जातात. वयस्कर मंडळी तोवर थांबतीलच असं नाही. म्हणून लिखाण नंतर करा, गोळा आधी करा. या रविवारी जिन्यातल्या नावांच्या पाट्यांचे फोटो काढा, विंगप्रमाणे. पाण्याच्या टाकीचा, पंपरूमचा, मीटरच्या पेटीचा, मागच्या गटाराचा फोटो काढा. झाडं मोजा आणि कोणी लावली ते त्याच दिवशी विचारून लिहा. मग भूमी अभिलेख कार्यालयात गाव नकाशासाठी अर्ज करा. गाव कोणतं लिहायचं हे भाडेपट्ट्याच्या परिशिष्टात दिलेलं असतं, बहुधा वाशी किंवा जुहू. नकाशा हातात आला की तो आणि सेक्टरचा नकाशा एकाच प्रमाणात छापून घ्या, ट्रेसिंग पेपरवर खाडीचे फाटे आणि बांध काढा, आणि तो कागद घेऊन जुहूगावात गावदेवीच्या देवळाजवळ संध्याकाळी जा. त्या वेळेला तिथे कोणीतरी बसलेलं असतंच.